लग्नाचा खर्च : अंदाज आणि निग्रह

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण महाराष्ट्रांत घरोघरीं माहीत आहे. ह्या दोन कार्यांचा खरा खर्च तीं पार पडल्यावांचून कळत नाहीं, असा तिचा अर्थ नेहमीं सांगितला जातो. लग्नाच्या बाबतींत मात्र ह्या म्हणीचा आधार घेऊन पुष्कळ कुटुंबें हिशेबाच्या कामांतून स्वतःची सुटका करून घेतात. वास्तविक लग्नांतील बहुतेक खर्च आधीं कळण्यासारखे असतात. कार्यालयाचें भाडें, ताटाचा दर, शालूची किंमत, सोन्याचा भाव, हें सर्व विचारलें म्हणजे कळतें. अंदाज बांधतां येत नाहीं ही अडचण नसते. बांधलेला अंदाज पाळला जात नाहीं ही अडचण असते. आणि तो पाळला जात नाहीं, कारण तो मुळांतच उलट्या क्रमानें बांधलेला असतो.

सामान्यतः होतें काय? प्रथम तिथि ठरते, मग कार्यालय, मग कोणाकोणाला बोलवावयाचें ह्याची चर्चा, मग खरेदी. आणि ह्या सर्वांची जी बेरीज येईल तिला अंदाज म्हणतात. ही बेरीज झाली, मर्यादा नव्हे. मर्यादा दुसऱ्या टोकाकडून ठरते. घरांत शिल्लक किती, त्यांतून आजारपणासाठीं, धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठीं आणि वडिलांच्या निवृत्तीसाठीं हात न लावतां ठेवावयाचें किती, आणि लग्नापर्यंतच्या महिन्यांत पगारांतून बाजूला पडेल तें किती, एवढा हिशेब करून उरेल तो आंकडा कागदावर मांडावा. तिथि त्यानंतर धरावी.

कोणी म्हणेल, ‘आयुष्यांत एकदांच तर होतें, थोडें कर्ज झालें तर काय बिघडलें?’ ह्या प्रश्नाला जुन्या इतिहासांत मोठें मार्मिक उत्तर सांपडतें. १८७५ सालीं पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगानें असें मत नोंदविलें कीं, शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचें खापर लग्नखर्चावर वाजवीपेक्षां अधिक फोडलें जातें. हा खर्च ऐपतीच्या मानानें उधळपट्टीचा असला तरी तसे प्रसंग क्वचितच येतात. ओझें वाढतें तें धान्य, बियाणें, बैल आणि सरकारी सारा ह्यांसाठीं पुनःपुन्हां काढलेल्या लहान कर्जांनीं. म्हणजे ‘एकदांच’ हा युक्तिवाद अगदींच निराधार नाहीं. पण तो रोखीच्या खर्चापुरताच टिकतो. लग्न एकदां होतें, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. समजा, ३ लाख रुपयांचें कर्ज शेंकडा १२ व्याजानें ५ वर्षांच्या मुदतीनें काढलें, तर दरमहा सुमारें ६,६७० रुपये द्यावे लागतात, आणि शेवटीं एकंदर ४ लाख रुपये भरलेले असतात. एका दिवसाचा थाट साठ महिन्यांची ओढाताण होऊन बसतो, आणि ती बहुधा नव्या जोडप्याच्या किंवा थकलेल्या आईबापांच्या वांट्यास येते.

आंकडा ठरल्यावर त्याचा पहिला शत्रु म्हणजे पाहुण्यांची यादी. जेवण, पत्रिका, आहेर, कार्यालयाचा आकार, जानवशाच्या खोल्या, गाड्या, ह्या बाबी वेगवेगळ्या दिसल्या तरी सर्व माणसांच्या संख्येवर चालतात. ३०० पानें आणि दर पानास ६०० रुपये धरले तर जेवणाचे १,८०,००० रुपये होतात. ‘अमका राहिला, तमक्याला वाईट वाटेल’ असें करीत ६० नांवें वाढलीं, तर ३६,००० रुपये केवळ पंगतींत वाढतात. त्यापायीं मोठें कार्यालय घ्यावें लागलें तर तें निराळेंच. शालूंत दोन हजार वाचविण्यासाठीं चार दुकानें पालथीं घालणारीं माणसें हीं साठ नांवें एका संध्याकाळीं चहा घेतां घेतां वाढवितात. एप्रिल २०२१ मध्यें करोनाच्या साथीमुळें महाराष्ट्र सरकारनें लग्नास २५ माणसांची आणि २ तासांची मर्यादा घातली होती. तो काळ दुःखाचा होता; त्याला आदर्श कोणीच मानणार नाहीं. तरी त्यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नियम सर्वांना सारखा असला कीं, कोणाला कां बोलावलें नाहीं हें समजावीत बसावें लागत नाहीं. म्हणून घरानेंही नांवांवर वाद न घालतां आधीं नियम करावा. सख्खीं, चुलत, मामे, मावस आणि आते भावंडें येथवर; त्यापलीकडे नाहीं. माणसें नांव वगळल्यानें जितकीं दुखावतात, तितकीं नियमानें दुखावत नाहींत.

दुसरा धोका दोन घरांच्या मधल्या जागेंत असतो. महाराष्ट्रांत लग्न ठरतांना ‘याद्या’ करण्याची जुनी चाल आहे. दोन्हीकडील वडीलधारीं माणसें समोरासमोर बसून कोणीं काय करावयाचें तें लिहून काढतात. हुंडा ह्या यादींत असतां कामा नये. १९६१ च्या कायद्यानें तो देणें आणि घेणें हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि वरदक्षिणा म्हटल्यानें त्याचें स्वरूप बदलत नाहीं. पण ही चाल स्वतः फार उपयोगी आहे. कार्यालय कोणाचें, दोन्ही वेळचें जेवण कोणाचें, मानपान किती जणांचा, सीमान्तपूजन करावयाचें कीं नाहीं, विहिणींच्या पंगतीचा थाट केवढा, हें आधीं लिहिलें नाहीं तर तें मांडवांत, मुहूर्ताच्या तोंडावर ठरतें. आणि त्या वेळीं ‘नाहीं’ म्हणण्याची सोय कोणालाच नसते.

निग्रह पाळण्याचे उपाय साधे आहेत. एकूण रकमेचा दहावा हिस्सा कोणत्याच बाबीला न देतां राखून ठेवावा. सोनें वजनावर न ठरवितां रकमेवर ठरवावें. पांच तोळे असें ठरलें तर भाव चढतांच अंदाज मोडतो; अमुक रुपयांचें सोनें असें ठरलें तर वजन घटतें, पण अंदाज उभा राहतो. कार्यालयाचा करार करतांना वीज, सफाई, भांडीं आणि वाढपी हें सर्व भाड्यांत धरलें आहे कीं निराळें, आणि बाहेरचा आचारी आणल्यास काय द्यावें लागेल, हें लेखी घ्यावें. हिशेबाची वही एकाच हातांत असावी. तो हात वधूचा किंवा वराचा असलेला बरा, कारण उरणाऱ्या पैशाची किंमत त्यांना अधिक कळते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, नवी बाब घालावयाची असेल तर जुनी एक बाब खोडावी. ‘हेंही होऊं द्या’ असें कोणीं म्हटलें कीं वही उघडून ‘कशाच्या ऐवजीं?’ एवढेंच विचारावें.

ह्यावर आक्षेप येतो तो हौसेचा. आईबापांची हौस खोटी नसते, आणि तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु लग्न लागण्यास काय लागतें आणि हौसेस काय लागतें, हा भेद मनांत स्पष्ट असावा. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें ज्या विवाहांत सप्तपदी आहे, तो सातवें पाऊल पडतांच पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें तीस दिवस आधीं नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर विवाह होतो. सत्यशोधक समाजानें तर १८७३ सालींच पुरोहितावांचून आणि अगदीं थोड्या खर्चांत लग्नें लावण्यास आरंभ केला. विवाहास लागणारें असें थोडें आहे. बाकीची निवड आहे. ज्या घराला सनई-चौघड्याची आवड आहे त्यानें तो मनसोक्त वाजवावा, आणि ज्याची आवड नाहीं, पण शेजाऱ्यांनीं केलें म्हणून करावयाचें, तें खोडून टाकावें. हौस कापावी लागत नाहीं. ती निवडावी लागते.

लग्नानंतर आठ दिवसांच्या आंत, पाहुणे पांगल्यावर, सर्वांची देणीं भागवून वही बंद करावी. राखीव हिश्श्यांतून जें उरेल तें नव्या जोडप्याच्या नांवानें बँकेंत ठेवावें. सर्व आहेरांत तो आहेर लहान असला तरी संसाराच्या पहिल्या अडचणीला तोच उपयोगीं पडेल.