स्त्री-पुरुष समता : घरचा हिशेब
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर बोलण्याचा आमचा विचार होता. परंतु मध्यंतरी पुण्यातील एका महाविद्यालयात भरलेल्या परिसंवादास उपस्थित राहण्याचा योग आला आणि तेथे जे ऐकले ते आपल्यापुढे ठेवल्यावाचून चैन पडेना. म्हणून विषय बदलला, त्याबद्दल क्षमा असावी.

परिसंवादाचा विषय 'समाजातील स्त्री-पुरुष भेद' असा होता. आमची नात त्या महाविद्यालयात शिकते; तिच्या आग्रहास्तव आम्ही गेलो. खरे सांगावयाचे तर मनात अढी धरूनच गेलो. तरुण मंडळी वडीलधाऱ्यांवर तोंडसुख घेतील आणि आपण मागच्या बाकावर बसून ते निमूटपणे ऐकावे लागेल, अशी आमची समजूत होती. तसे काही झाले नाही. एका विद्यार्थिनीने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या, १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्त्रीपुरुष तुलना' या ग्रंथाचा परिचय करून दिला. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्या बाईंचा प्रश्न तिने अशा सौम्य शब्दांत मांडला की, आमची अढी तेथेच निम्मी सुटली.

नंतर एका प्राध्यापकांनी काही आकडे सांगितले. लोकांचा दिवसाचा वेळ कोणत्या कामात जातो, याची देशव्यापी पाहणी केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. जे पुरुष अशी कामे करीत, त्यांचा ९७ मिनिटे. २०२४ सालच्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे पाच वर्षांत दोघांचेही काम थोडे हलके झाले, पण दोघांमधील अंतर जेथल्या तेथेच राहिले. शिवाय २०१९ साली अशी कामे करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ होत्या, तर पुरुष शेकडा २६.

यावर एक विद्यार्थी उठून म्हणाला, "मी घरी आईला नेहमी मदत करतो." त्यावर मागच्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, "मदत म्हटलं की काम मुळात आईचंच, हे ठरून गेलं. आपलं जेवलेलं ताट आपण उचलणं, ही मदत कशी?" सभागृह हसले, आम्हीही हसलो. परंतु परतीच्या गाडीत बसल्यावर ते हसू मावळले.

ज्ञातिबांधवहो, आता थोडे घरचे सांगतो. आमच्या वडील भगिनी, ज्यांस आम्ही आक्का म्हणतो, १९६८ साली सातवी उत्तीर्ण झाल्या. पुढची शाळा तालुक्यास होती. त्यांस कोणी पाठविले नाही. दोन वर्षांनी आम्हांस मात्र पाठविले. आमचा डबा रोज सकाळच्या एस. टी.ने तालुक्यास येई. त्यातील भाकऱ्या आक्कांनी पहाटे उठून थापलेल्या असत. पुढे आम्ही पदवीधर झालो, तेव्हा याच मंडळाने शाल-श्रीफळ देऊन आमचा सत्कार केला. आक्का त्या दिवशी स्वयंपाकाकडे होत्या.

वडील २००७ साली वारले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देणारी कायद्यातील दुरुस्ती २००५ सालीच झाली होती, आणि ती आम्हांस ठाऊक होती. तरीही हक्कसोडपत्र तयार झाले आणि आक्कांनी त्यावर सही केली. माहेर तुटू नये, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही त्यांस साडीचोळी केली, चारचौघांत त्यांच्या मनाच्या मोठेपणाची वाखाणणी केली. त्यांचे मन काय आहे, हे मात्र विचारले नाही. ज्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीकच नव्हती, त्याच्या देण्यास आपण त्याग म्हणावे काय?

परिसंवादानंतर आठवड्याने आम्ही आक्कांकडे गेलो आणि हे सर्व बोललो. त्या म्हणाल्या, "जमिनीचं काय ते तुझं तू बघ. पण सातवीला मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते, एवढं एकदा तुझ्या त्या मंडळात सांग." आज ते सांगत आहोत. जमिनीचा विचारही घरात सुरू केला आहे. तो तडीस नेणे हे आमचे कर्तव्य आहे.

आपल्या ज्ञातीत स्त्रियांस मान आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खोटे नाही. पण मान दिला म्हणजे वाटा दिला, असे होत नाही. म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या परिवारसूचीत स्त्रियांची नोंद केवळ 'सौ.' आणि पतीचे नाव एवढीच नसावी. त्यांचे स्वतःचे नाव, शिक्षण व व्यवसाय द्यावा, आणि विवाहित कन्येचे नाव गाळू नये. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतलाच आहे. आपण मागे का राहावे? दुसरी, विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी काही रक्कम, ज्यांचे शिक्षण घरकामापायी वा विवाहापायी खुंटले अशा भगिनींसाठी राखून ठेवावी. वयाची अट नसावी. तिसरी, वधुवर-सूचक अर्जात 'गृहकृत्यदक्ष आहे काय?' हा प्रश्न केवळ वधूस विचारला जातो. तो वरासही विचारावा.

सूचना लहान आहेत, खर्चही फारसा नाही. आज भोजनाच्या वेळी पहिल्या पंगतीस भगिनींनी बसावे आणि वाढपास आम्ही पुरुषांनी उभे राहावे, एवढे तरी आजच घडो. फक्त त्यास कोणी 'मदत' म्हणू नये, इतकीच विनंती.