माझा काय चुकला?

(मालवण तालुक्यातील बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी आमवाताबद्दल बोलणार आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. माझ्या धाकट्याच्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात तो मला सुरू झाला. सकाळी बोटं मिटत नसत, बाळाच्या लंगोटाची गाठ मारता येत नसे. घरात प्रत्येकाने कारण सांगितलं. थंड पाण्यात हात घातलास, कान बांधले नाहीस, आंबट खाल्लंस, देवाचं काहीतरी राहिलं. कारणं निराळी, पण चूक माझीच. मीही तेच विचारत बसले, "माझा काय चुकला?" त्यात दोन वर्षं गेली आणि डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली.

हा झिजेचा आजार नव्हे. रोगजंतूंशी लढणारी आपल्या शरीरातली यंत्रणाच यात स्वतःच्या सांध्यांवर उलटते. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर पाहणी सुरू केली. तिथे साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला हा आजार आढळला. पुरुषांच्या दुपटी-तिपटीने तो बायकांना होतो.

मग तो सुरू कशाने होतो? कारण एकच नसतं. काहींच्या अंगात जन्मतः कल असतो आणि त्यावर बाहेरचं काहीतरी ठिणगी टाकतं. विडी-सिगारेटच्या धुराविरुद्धचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. आपल्याकडे बायका विडी कमी ओढतात, मिश्री जास्त लावतात. तोंडात ठेवायच्या तंबाखूने हा धोका वाढलेला स्वीडनमधल्या अभ्यासात दिसला नाही. पण म्हणून मिश्री निर्दोष ठरत नाही. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हिरड्या खराब होतात. आणि हिरड्यांचा जुना आजार व आमवात यांचं नातं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

दुसरी ठिणगी दगडाच्या बारीक धुळीची. वेल्समधल्या कोळसा-खाणकामगारांत फुप्फुसातली धूळ आणि हा सांध्यांचा आजार एकत्र दिसतो, हे डॉ. कॅप्लन यांनी १९५३ मध्ये नोंदवलं. पुढे सिलिकाच्या धुळीचा संबंध स्पष्ट झाला. आपल्या जिल्ह्यात कासार्ड्याला सिलिका वाळू निघते, खडीचे क्रशर चालतात. तिथे काम करणाऱ्या बायकांच्या तोंडावर पदराशिवाय काय असतं, हे आपण विचारलं पाहिजे.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. गरोदरपणात हा आजार बऱ्याच जणींचा निवळतो. अमेरिकेतल्या डॉ. हेंच यांनी ते पाहिलं आणि त्या शोधातून कॉर्टिसोनचा उपचार निघाला. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आजार उसळतो, काही जणींना तेव्हाच पहिल्यांदा होतो. नेमकं तेव्हाच आईचं दुखणं "बाळंतवात" म्हणून सोडून दिलं जातं. चिकुनगुन्याचंही लक्षात ठेवा. २००६ च्या साथीनंतर कितीतरी जणींचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले होते. ते दुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसतं, म्हणून तपासणी हवी.

या यादीत थंड पाणी नाही. बर्फातली मासळी निवडताना दुखरे हात जास्त दुखतात हे खरं, पण त्याने आजार जडत नाही. देवाचा कोपही या यादीत नाही. धूर बहुतेक घरांत नवऱ्याच्या विडीचा असतो, धूळ मालकाच्या क्रशरची असते. बोल मात्र बाईला लागतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

म्हणून लक्षात ठेवा: दोन्ही हातांची लहान पेरं सुजली, सकाळी अर्धा-एक तास हात आखडले आणि हे सहा आठवडे चाललं, तर मलमं चोळत बसू नका, डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. मेथोट्रेक्सेट ही गोळी महाग नाही. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची; रोज घेतली तर जिवावर बेतते. दिवस गेले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर ती चालत नाही. हे डॉक्टरांना आधी सांगा. ही तपासणी आणि हे औषध तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेहमी मिळालं पाहिजे, ही आपली मागणी असू दे.

आणि शेजारीण हात चोळत बसलेली दिसली, तर "काय खाल्लंस?" असं विचारू नका. विचारा, "कधीपासून दुखता गो?" आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.