विसर्जनानंतर काय उरते?

(‘सार्वजनिक उत्सव आणि तरुण पिढी’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणेशोत्सव जवळ आला की गल्लोगल्ली मांडवाचे वासे उभे राहतात. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो : या कार्यक्रमांनी वस्तीचे नेमके कोणते हित साधते? पूर्वी हा प्रश्न बहुधा घरातील वडीलधारी मंडळी विचारीत. आज तो तरुण विचारू लागले आहेत. अश्रद्धा किंवा उद्धटपणा ठरवून तो झटकून टाकणे सोपे आहे. पण त्यात शहाणपण नाही.

तरुणांचे मत एकमुखी नाही. पुण्यात उत्सवाच्या कितीतरी आधीपासून ढोलताशा पथकांचा सराव सुरू होतो. अभियंता, बँकेतील कर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी तेथे शेजारी शेजारी बसून ढोलाच्या दोऱ्या आवळतात. मुली ढोल वाजवतात, ध्वज नाचवतात. शिस्त, वेळेचे भान आणि अनोळखी माणसाशी जुळवून घेण्याची सवय आपल्याला येथे लागली, असे हे तरुण सांगतात. त्याच गल्लीतील दुसऱ्या तरुणाचे आजोबा हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेले असतात. ध्वनिवर्धकांच्या भिंतीने त्याच्या घराच्या काचा थरथरतात. वर्गणी दिली, पण हिशेब कधी दिसला नाही, ही त्याची तक्रार असते. हे दोघे परस्परांचे विरोधक नव्हेत. दोघांनाही उत्सव आपला वाटतो, म्हणूनच एक त्यात रमतो आणि दुसरा त्याला जाब विचारतो.

हा जाब उत्सवाच्या मूळ हेतूला धरूनच आहे. 1893 पासून लोकमान्य टिळकांनी घरातील गणपतीला चौकात आणण्याची चळवळ उभारली, ती समाज एकत्र यावा, त्याने ऐकावे, विचार करावा यासाठी. मेळे आणि व्याख्याने हे त्या उत्सवाचे प्राण होते. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 1925 मध्ये अखिल हिंदू गणेशोत्सव सुरू केला. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, ते तेथे इतरांच्या बरोबरीने आले. पुढे 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून पतितपावन मंदिर उभे राहिले. मांडव दरवर्षी उतरला; उघडलेले दार मात्र पुन्हा बंद झाले नाही. उत्सवाच्या लाभाचे याहून चांगले माप कोणते?

अलीकडचे उदाहरण डोंबिवलीचे. 1999 मध्ये तेथे गुढीपाडव्याची नववर्ष स्वागत यात्रा निघाली. पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. वेगवेगळ्या संस्था आपापले विषय घेऊन एका रस्त्यावर येतात. वर्षभर एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्यांची त्या निमित्ताने ओळख होते.

ओळख झाली, पुढे काय? येथेच मंडळांची परीक्षा आहे. अनेक मंडळे रक्तदान शिबिरे घेतात, रुग्णवाहिका चालवतात, गरजू मुलांसाठी अभ्यासिका उघडतात. तेथे तरुणांना उत्सवाचे समर्थन करावे लागत नाही, काम बोलते. जेथे दहा दिवसांचा गोंगाट आणि वर्षभराचे कुलूप एवढेच असते, तेथे कितीही अभिमान बाळगला तरी प्रश्न सुटत नाही.

उपाय अवघड नाहीत. जमाखर्च चौकातील फलकावर लावावा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे; ती पोलीस येण्यापूर्वी कार्यकर्त्यांनीच पाळावी. तरुण-तरुणींना केवळ मांडव घालण्यास न बोलावता कार्यकारिणीत बसवावे आणि प्रश्न विचारणाऱ्याला तर पहिल्या रांगेत.

2025 मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तो मान मोठा आहे. परंतु त्या आजारी आजोबांच्या खिडकीखालून जाताना ज्या पथकाचा ढोल आपोआप थांबतो, त्या पथकाने मिळवलेला मान त्याहून मोठा आहे. मूर्तीचे विसर्जन दरवर्षी होते. तिच्यामागे जी माणुसकी वस्तीत उरते, तिच्यावरच तरुणांचे मत ठरणार आहे.