हाक न येणारा कोपरा

आज बोलणार आहे घरातल्या एका कोपऱ्याबद्दल. पुस्तक घेऊन बसावं आणि अर्धा तास कुणी हाक मारू नये, असा कोपरा.

आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. वेगळी खोली कुठून आणायची? मागल्या दाराजवळ धान्याची कोठी आणि खिडकी यांच्यामध्ये थोडी जागा होती. रिकामे डबे, मोडकी छत्री, असलं सामान तिथं पडलेलं. ते हलवलं, जुनी गोधडी चौपदरी करून घातली, पाठीला उशी ठेवली. खिडकी डाव्या हाताला येईल अशी बसते. मग काही टिपून घेताना हाताची सावली कागदावर पडत नाही. रात्री वाचायचं तर दिवा खांद्यामागून यावा, समोरून डोळ्यांवर नको. पुस्तकं मात्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरतात.

एवढं सगळं एका दुपारी झालं. हाका थांबायला चार महिने लागले! बाई भाजी निवडत बसली तर ती कामात असते, पुस्तक घेऊन बसली की रिकामी. अडीच ते तीन ही वेळ मी ठरवली आणि फोन फडताळात ठेवायला लागले. मुलांना सांगितलं, कुणाला लागलं-खुपलं तरच बोलवा. पहिल्या दिवशी पेन्सिल सापडत नाही म्हणून तीनदा आले.

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली निघालं. नवरा हौसेनं शिकवतोय, आणि घरातल्या बायका त्याच शिकण्यावरून टोचून बोलताहेत, हे त्यात वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले.

आमच्या सासूबाई टोचून बोलल्या नाहीत. त्या रोज तीनच्या आधी पाच मिनिटं येऊन उंबऱ्यावर बसायच्या. मला वाटायचं, चहाची आठवण करून देताहेत. राग यायचा. एक दिवस त्यांनीच विचारलं, “काय लिहिलंय गं त्यात?” त्यांना अक्षरओळख नाही.

आता बुधवारी मी मोठ्यानं वाचते. बाकीचे दिवस त्या उंबऱ्यावर येत नाहीत, आणि चहा त्याच टाकतात.