झिजलें कोठें, शाबूत कोठें

घरांतील जुन्या वस्तूंच्या बाबतींत आपल्याकडे दोन टोकांचे लोक आढळतात. पहिल्यांना कोणतीहि वस्तु टाकवत नाहीं. त्यांच्या माळ्यावर दांडा मोडलेली छत्री, बूड गेलेली बादली आणि बंद पडलेलीं तीन घड्याळें वर्षानुवर्षें एकत्र नांदत असतात. दुसऱ्यांना कोणतीहि वस्तु ठेववत नाहीं. सदऱ्याचें एक बटण तुटलें कीं सदराच गेला असें ते समजतात. वरवर पाहतां पहिला मनुष्य काटकसरी व दुसरा उधळा वाटतो. परंतु माझ्या मतें दोघांचाहि दोष एकच आहे. दोघेहि वस्तूकडे नीट पाहत नाहींत. पहिला न पाहतां ठेवतो, दुसरा न पाहतां टाकतो. आज मला जें सांगावयाचें आहे तें ह्या पाहण्याविषयींच आहे.

कोणतीहि वस्तु सर्व अंगांनीं सारखी झिजत नाहीं, हा ह्या विद्येंतील पहिला धडा होय. चादर मधोमध विरते, कारण निजणाऱ्याचा भार तेथें पडतो. तिच्या दोन्ही कडा मात्र जवळजवळ कोऱ्या राहतात. सदऱ्याची कॉलर मानेशीं घासून फाटते, पण पाठ शाबूत असते. पायमोजा टांचेवर जातो, खुर्चीचा वेत बैठकीवर तुटतो, आणि शिसवी पाटाचा फक्त एक पाय निखळतो. म्हणजे जिला आपण फाटकी वस्तु म्हणतों तिचा बहुधा थोडासाच भाग फाटलेला असतो, आणि त्या थोडक्यासाठीं बाकीचें सारें आपण घराबाहेर काढीत असतों.

आपल्या आज्या-पणज्यांना ही गोष्ट पुस्तकावांचून ठाऊक होती. लुगडें बसण्याच्या जागीं विरलें म्हणजे त्या तेवढा पट्टा आडवा कापून काढीत आणि दोहों बाजूंचे चांगले भाग एकमेकांस जोडीत. ह्याला 'दंड घालणें' असें म्हणत. नऊ वारांतून हातभर कापड गेलें तरी लुगडें नेसतां येई, आणि जोड निऱ्यांत गेला कीं तो दिसतहि नसे. धोतरालाहि हाच उपचार होई.

चादरीसाठीं ह्याच युक्तीचा दुसरा प्रकार आहे व तो कोणासहि घरीं करून पाहतां येईल. मध्यें विरलेली सुती चादर लांबीच्या दिशेनें बरोबर मधोमध फाडावी. मग तिच्या बाहेरच्या दोन कडा, ज्यांना विणकराचा पक्का कांठ असतो, त्या आंत घेऊन एकमेकींस जोडाव्या. विरलेला भाग आपोआप बाहेर जातो; तो गादीखालीं खोंचला जात असल्यामुळें त्यावर भार पडत नाहीं. जोडाची शिवण सपाट ठेवावी, नाहींतर ती निजणाऱ्याच्या पाठीला रुतते. बाहेरच्या फाडलेल्या कडा दुमडून शिवाव्या, म्हणजे दोरे सुटत नाहींत. काम एका दुपारचें आहे. कॉलरचेंहि असेंच. ती उसवून उलटी करून पुन्हां बसविली कीं घासलेली बाजू आंत जाते आणि सदरा चारचौघांत मिरवूं लागतो.

हा उद्योग केवळ दरिद्री घरांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटनमध्यें १९४१ सालच्या जून महिन्यांत कपड्यांवर कुपनें लागू झालीं, तीं १९४९ पर्यंत चाललीं. १९४३ सालीं तेथील सरकारनें 'मेक डू अँड मेंड' ह्या नांवाची पुस्तिका काढली. आहे त्यांत भागवा आणि दुरुस्त करा, असा तिचा अर्थ. चादरीच्या कडा मध्यें आणण्याची आतां सांगितलेली रीत त्या देशांतील गृहिणींतहि रूढ होती. आपल्याकडेहि त्याच १९४३ सालीं कापड व सूत ह्यांवर सरकारी नियंत्रण आलें होतें. टंचाईनें दोन दूरच्या देशांतील बायकांना एकच शहाणपण सुचविलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां दुसरा धडा. जी वस्तु तिच्या मूळच्या कामाला पुरत नाहीं, तिला तिच्या ताकदीचें दुसरें काम द्यावें. बूड गंजून गेलेली बादली पाणी धरीत नाहीं. तिच्यांत माती भरून अळूचा कांदा किंवा तुळस लावा. कुंडींतून जादा पाणी निघून गेलें नाहीं तर मुळें कुजतात. म्हणून नव्या कुंडीला आपण मुद्दाम भोंक ठेवतों. बादलीचा जो दोष होता तोच कुंडीचा गुण झाला! वस्तु तीच राहिली, बदललें तें काम.

ह्या विचाराचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे आपली गोधडी. जुन्या लुगड्याचें कापड ताण सोसण्यास असमर्थ झालेलें असतें. नेसलें तर फाटेल. परंतु गोधडीच्या पोटांत त्याला ताण सोसावा लागतच नाहीं. त्यानें फक्त थर भरावयाचा असतो. थराथरांमध्यें हवा अडकून राहते आणि ऊब देते. म्हणून गोधडी घालतांना दणकट कापड वर व खालीं घ्यावें, विरलेलें मध्यें पसरावें. कापड आधीं धुवून वाळवावें. सपाट जमिनीवर सुरकुती न ठेवतां थर लावावे, चार कोपऱ्यांवर वजनें ठेवावीं आणि प्रथम मोठ्या कच्च्या टांक्यांनीं सारें धरून घ्यावें. मग कडेपासून आंत आंत धांवदोरा घालीत यावें. दोन ओळींत बोटभर अंतर असावें. हे टांके केवळ शोभेचे नसतात. एका जागीं पडणारा ओढा ते सगळ्या गोधडीवर वांटून देतात, आणि म्हणूनच जें कापड एकटें एक दिवस टिकलें नसतें तें दहाजणांच्या सोबतीनें कित्येक वर्षें टिकतें.

तान्ह्या मुलाचें दुपटें जुन्या सुती लुगड्याचें करीत, तेंहि गरिबीमुळेंच नव्हे. नव्या कापडाला विणतांना दिलेली खळ असते. तें ताठ असतें व पाणी चटकन शोषीत नाहीं. शेंकडों वेळां धुतलेलें कापड मऊ होतें आणि ओल झटकन टिपतें. श्रीमंताच्या घरींहि बाळ जुन्यांतच गुंडाळीत, कारण त्या कामाला जुनेंच अधिक चांगलें होतें. दुपट्याचें आयुष्य संपलें कीं त्याचें फडकें होई, फडक्याची चुंबळ होई, चुंबळीचें पोतेरें होई. एका लुगड्यानें किती नोकऱ्या केल्या हें मोजूं लागलों तर सरकारी नोकरहि लाजेल.

मी आयुष्यभर शिक्षकाचें काम केलें, तेव्हां शाळेंतील एक उदाहरण दिल्यावांचून राहवत नाहीं. वर्षाच्या अखेरीस प्रत्येक मुलाच्या वह्यांत कोरीं पानें उरतात. तीं जोडपानें काढून एकांत एक बसवावीं आणि घडीवर दाभणानें तीन भोंकें पाडावीं. सुई आंतल्या बाजूनें मधल्या भोंकांतून बाहेर काढावी, वरच्या भोंकांतून आंत घ्यावी, मधलें भोंक ओलांडून खालच्या भोंकांतून बाहेर काढावी, आणि शेवटीं मधल्या भोंकांतून पुन्हां आंत आणून दोऱ्याच्या दोन टोकांची गांठ आंतील लांब टांक्यावर मारावी. जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाचें वेष्टन घातलें कीं वही तयार झाली. जीं मुलें अशी वही स्वतः शिवतात तीं तिचीं पानें सहसा फाडीत नाहींत, असा माझा अनुभव आहे. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागीं बसविलें, त्यांतील मर्म मला अशा वह्यांच्या ढिगाऱ्यापुढें बसून अधिक स्पष्ट कळलें.

आतां थोडें कडू बोलणें भाग आहे. जुन्याला जीव देण्याच्या भरांत माणसाच्या जिवाला अपाय होऊं देऊं नये. वेष्टन फाटलेली विजेची तार चिंधी गुंडाळून वापरूं नये. गॅसची मुदत संपलेली नळी दुसऱ्या कामाला घेण्याचाहि विचार करूं नये. कीटकनाशकाचा डबा कितीहि वेळां धुतला तरी त्यांत धान्य किंवा पाणी भरूं नये. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली असेल तर त्यांत ताक, कढी वा चिंचेची आमटी करूं नये. आंबटाची धातूवर क्रिया होऊन अन्न कळकतें. असें पातेलें टाकण्याचें मात्र कारण नाहीं. तापवून, नवसागरानें स्वच्छ करून वर कथिलाचा हात फिरविला कीं तें नव्यासारखें होतें. कल्हईवाल्याजवळ कथील शुद्ध आहे ना, एवढें विचारून घ्यावें, कारण त्यांत शिशाची भेसळ असली तर तें विष होय.

कापडाचीहि आज परीक्षा करावी लागते. हल्लींच्या पुष्कळशा साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या घाम टिपीत नाहींत, आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटतात. म्हणून त्यांचें दुपटें किंवा भांडें उतरविण्याचें फडकें करूं नये. एक धागा चिमट्यांत धरून जाळून पाहावा. सुताची कागदासारखी राख होते, कृत्रिम धाग्याचा कठीण मणी बनतो. मणी झाला तर त्या साडीची पिशवी शिवावी किंवा ती बोहारणीला द्यावी.

ह्याहून अवघड गोष्ट श्रमाची आहे. गोधडीचें कौतुक करणारे बहुधा पुरुष असतात, आणि ती घालणाऱ्या बहुधा बायका असतात. दिवसभर घर ओढून झाल्यावर मिणमिणत्या दिव्याशीं बसून ज्यांनीं हे टांके घातले त्यांच्या डोळ्यांची झीज कोणी मोजली नाहीं. वस्तूची बचत करतांना एका माणसाला झिजविलें तर ती बचत कसली? तेव्हां काटकसरीचा उपदेश करणाऱ्या प्रत्येक पुरुषानें आधीं सुईंत दोरा ओंवून दाखवावा. बटण लावणें, उसवलेलें शिवणें, सैल झालेला खिळा घट्ट करणें हें घरांतील मुलगा आणि मुलगी दोघांनाहि आलें पाहिजे. तसेंच, ज्याच्याजवळ एकच सदरा आहे त्याला ठिगळाचें माहात्म्य सांगूं नये. तें त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असतें. त्याला दुसरा सदरा मिळावा हेंच न्यायाचें आहे. मीं स्वतः कोपरावर ठिगळ लावलेला कोट अनेक वर्षें वर्गांत उघडपणें घातला. मुलें ठिगळाला हंसत नाहींत, ठिगळ लपविणाऱ्याला हंसतात, असें मला दिसून आलें.

कांहीं वस्तु अशा बनविल्या जातात कीं त्या उघडतांच येऊं नयेत. कवच डिंकानें चिकटविलेलें, सुटा भाग बाजारांत मिळत नाहीं, अशा यंत्रापुढें घरच्या कारागिराचें शहाणपण थिटें पडतें. ह्याविरुद्ध जगांत आतां हालचाल सुरू झाली आहे. २००९ सालीं नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथें पहिलें 'रिपेअर कॅफे' भरलें. तेथें शेजारीपाजारी आपापल्या मोडक्या वस्तु घेऊन येतात आणि जाणत्यांच्या मदतीनें स्वतः दुरुस्त करतात. आपल्या केंद्र सरकारनेंहि २०२२ च्या डिसेंबरांत 'दुरुस्तीचा हक्क' ह्या नांवाचें संकेतस्थळ उघडलें, तेथें दुरुस्तीविषयींची माहिती ग्राहकाला मिळावी असा हेतु आहे. नवी वस्तु घेतांना दुकानदाराला एवढेंच विचारावें: ही बिघडली तर उघडतां येईल काय, आणि हिचा सुटा भाग मिळेल काय? पुष्कळांनीं हा प्रश्न विचारला तर करणाऱ्यालाहि त्याचें उत्तर द्यावें लागेल.

श्रोतेहो, येत्या रविवारीं माळ्यावरची एकच वस्तु खालीं काढा. सगळा माळा काढूं नका, नाहींतर संध्याकाळीं सगळाच पुन्हां वर जाईल. ती उजेडांत धरा आणि तिला तीन प्रश्न विचारा. झिजलें कोठें? शाबूत कोठें? आणि शाबूत आहे त्याला पेलेल असें काम कोणतें? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालें तर सुई, हातोडी जें लागेल तें घेऊन बसा. उत्तर मिळालें नाहीं तर ती वस्तु मोकळ्या मनानें भंगारवाल्याच्या हवालीं करा. त्याच्याजवळ कदाचित् असेल. नीट पाहून ठेवलेली वस्तु अडगळ होत नाहीं, आणि नीट पाहून टाकलेली वस्तु उधळपट्टी होत नाहीं.