क्रिएटिनिन ०.९ : नॉर्मल, पण कुणासाठी?

मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले की घरातलं आणि दवाखान्यातलं सगळं लक्ष साखरेवर जातं. ते जायलाच हवं. पण तिच्या मूत्रपिंडांची चौकशी बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यात, पाय सुजल्यावर आणि रक्तदाब चढल्यावर सुरू होते. श्रोतेहो, माझं म्हणणं असं की ही चौकशी दिवस राहण्याआधी, आणि ते हुकलंच तर पहिल्या भेटीत व्हायला हवी. उशिरा केलेल्या तपासणीतले आकडे चुकीचे नसतात, पण त्यांचा अर्थ लावणं फार अवघड होऊन बसतं.

गरोदरपणात मूत्रपिंडं रक्त गाळण्याचं काम जवळजवळ दीडपट करू लागतात, आणि हा बदल पहिल्या तीन महिन्यांतच होतो. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, उतरतं. निरोगी गर्भवतीचं ते बहुधा ०.८ च्या खालीच असतं. आता लॅबचा कागद डोळ्यांसमोर आणा. क्रिएटिनिन ०.९, शेजारच्या रकान्यात नॉर्मल मर्यादा १.१ पर्यंत छापलेली, आकडा ठळक नाही, बाण नाही. कागद फाइलला लागतो. पण ती मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची आहे. मधुमेही गर्भवतीत हाच ०.९ पुढच्या तपासण्या मागतो. लघवीत पट्टी बुडवून रंग पाहण्याची रीतही इथे अपुरी. अल्ब्युमिन या प्रथिनाची सुरुवातीची गळती, म्हणजे एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० ते ३०० मिलिग्रॅम, पट्टीवर बऱ्याचदा दिसतच नाही. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढावं लागतं. आणि खरी अडचण पुढेच आहे. तिसाव्या आठवड्यात लघवीतून प्रथिनं जाताना दिसली, तर ती मधुमेहाने आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाची, की विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणाऱ्या, रक्तदाब चढवणाऱ्या प्रीएक्लॅम्पसिया या विकाराची? पहिल्या प्रकारात रक्तदाब सांभाळत दिवस पुढे नेता येतात. दुसऱ्यात आईचा जीव वाचवण्यासाठी बाळंतपण लवकर करावं लागू शकतं. विसाव्या आठवड्याआधीचा आकडा हाताशी नसेल, तर अनुभवी डॉक्टरलाही हा निवाडा अंधारात करावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे दिवस ठरवून राहतात कुठे? खरं आहे. पण मधुमेही बाई गोळ्यांसाठी दवाखान्यात येतच असते. मूल हवं आहे का, एवढं तिथेच विचारता येईल. तिला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर हा प्रश्न टाळताच येणार नाही: मूत्रपिंड जपणारी हीच औषधं गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, म्हणून ती वेळेवर बदलून लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन द्यावं लागतं. शिवाय प्रीएक्लॅम्पसियाचा धोका कमी करणारी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू केली तर जास्त उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. दोष आधी कळला तर सासरी तिलाच बोल लावतील, आई होण्याचा तिचा हक्कच जाईल, अशी ही भीती आहे. पण अल्ब्युमिन थोडं जातंय आणि क्रिएटिनिन ठीक आहे, अशा बहुतेक बायकांची मूत्रपिंडं गरोदरपणामुळे कायमची खालावत नाहीत. क्रिएटिनिन १.५ च्या पुढे गेलेलं असेल तर धोका खरा आणि मोठा आहे. तो समजून घेऊन निर्णय तिनेच करायचा. हे आकडे मिळवायला वाटही आहे: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. मधुमेही बाईच्या पहिल्या तपासणीत क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर सक्तीचं करा, आणि दोन्ही आकडे तिच्या कार्डावर तारखेसह लिहा, अशी मागणी आपण आरोग्य खात्याकडे करायला हवी.