शाळेतील ध्वनिवर्धक

सुरत शहराच्या दक्षिण भागात पांडेसरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. कापड विणणे, रंगविणे आणि छापणे हे तेथील मुख्य उद्योग. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून, तापीच्या काठाकाठाने आणि उधना-जळगाव रेल्वेमार्गाने आलेली असंख्य मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली आहेत. सुरतेची महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते, यावरून या वस्तीची कल्पना यावी. जेथे कारखाना आणि घर यांच्यामध्ये एखाद्या गल्लीचेच अंतर असते, तेथे शाळेच्या खिडकीतून वाऱ्याबरोबर यंत्रांची घरघर आणि मालमोटारींचे कर्णेही आत येतात. गुरुजी फळ्याजवळून 'साठ' म्हणतात आणि मागच्या बाकावरचा मुलगा वहीत 'आठ' लिहितो. त्याचे गणित चुकते, परंतु चूक बुद्धीची नसते. वाटेत एक 'स' हरवलेला असतो.

हा हरवलेला 'स' मागच्या बाकापर्यंत कसा पोचवावा, हा आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना देण्याजोगा उत्तम प्रश्न आहे. 2016 सालापासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या रूपाने अनेक शाळांत हत्यारे आणि सुटे भाग येऊन पोचले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून हातांच्या कामाला स्थान दिले आहे. अशा वेळी हाती धरून नेता येईल असा छोटा ध्वनिवर्धक, म्हणजे बोलीभाषेतला अॅम्प्लिफायर, मुलांनी स्वतः योजावा, हे उचित ठरते. मात्र पुस्तकातली आकृती पाहून तारा जोडणे हे एक काम आणि गरज ओळखून यंत्र योजणे हे दुसरे. या दोहोंतील अंतर समजणे, हाच या उपक्रमाचा खरा धडा होय.

ध्वनिवर्धक आवाज निर्माण करीत नाही. खानदेशातल्या फड पद्धतीच्या शेतीत पाटकरी पाटाचे दार थोडे वर उचलतो आणि पाण्याचा मोठा लोट शेतात वाहू लागतो. लोट बंधाऱ्याचा असतो, पाटकऱ्याच्या हाताची केवळ हालचाल असते. ध्वनिवर्धकातही माइकमधून येणारी क्षीण वीज हा पाटकऱ्याचा हात आणि बॅटरी हा बंधारा. हे दार प्रथम 1906 साली ली डी फॉरेस्ट यांच्या निर्वात नळीने घडविले. 1947 साली बेल प्रयोगशाळेतील बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांच्या ट्रान्झिस्टरने ते नखाएवढे केले. आज एलएम 386 नावाच्या आठ पायांच्या चिपमध्ये असे अनेक ट्रान्झिस्टर एकत्र बसविलेले असतात. ही चिप आलेला दाब 20 पट वाढविते आणि पहिल्या व आठव्या पायांमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर 200 पट. माइकमधून 5 सहस्रांश व्होल्ट आले, तर स्पीकरला 1 व्होल्ट मिळतो. नऊ व्होल्टची बॅटरी आणि 8 ओहमचा स्पीकर घेतल्यास आवाज न फाटता सुमारे अर्धा वॅट शक्ती पदरात पडते.

अर्धा वॅट ऐकताच मुलांच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की मोठी चिप आणावी, मोठा स्पीकर आणावा. येथेच शिक्षकाने थोडे थांबवून हिशेब मांडावयास लावावे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केली, तर पातळी केवळ 3 डेसिबलने चढते. कानाला आवाज दुप्पट वाटावा, यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. अर्ध्या वॅटचे 5 वॅट करावे, तर बॅटरी जड होते, खर्च वाढतो, आणि जे उपकरण हातात मिरवावयाचे ते हातगाडीवर न्यावे लागते.

याउलट, मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज 6 डेसिबलने वाढतो आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही. स्पीकर फळ्याजवळ, म्हणजे मागच्या बाकापासून 8 मीटरवर न ठेवता 2 मीटरवर ठेवला, तर 12 डेसिबल मिळतात. सोळापट शक्तीचा लाभ केवळ एका लांब तारेने होतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परततो, म्हणून लाभ याहून कमी असतो, परंतु दिशा तीच. माइकचेही तसेच. तो तोंडापासून 40 सेंटीमीटरवर असेल, तर बोलणे आणि बाहेरची घरघर दोन्ही वाढतात; 5 सेंटीमीटरवर आणला, तर बोलणे 18 डेसिबलने उंचावते आणि घरघर जागच्या जागी राहते. वर्गातले बोलणे भोवतालच्या गोंगाटापेक्षा 15 डेसिबल वर असावे, असे जाणकार सांगतात. ते साधावयाचे तर वॅटांच्या मागे धावण्यापेक्षा फूटपट्टी हाती घेणे अधिक शहाणपणाचे. स्पीकर माइकपासून दूर गेल्याने आणखी एक पीडा टळते. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून जी कर्कश शीळ उठते, ती सभामंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे.

दुसरा निर्णय कोणता आवाज वाढवावा याचा. मराठीतल्या 'आ', 'ओ' या स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते. 'स', 'श' यांचा सळसळता भाग सेकंदाला 4000 कंपनांच्या आसपास आणि त्याच्याही वर असतो. जुन्या दूरध्वनीत 300 ते 3400 एवढीच कंपने जात, म्हणून नाव सांगताना अक्षर अक्षर फोडून सांगावे लागे. शाळेच्या ध्वनिवर्धकाने खालची घनगंभीर पट्टी खुशाल सोडावी, वरची मात्र राखावी. स्पीकरच्या वाटेवरचा कपॅसिटर 220 मायक्रोफॅरडऐवजी 100 चा घेतला, की 200 कंपनांखालचा भाग क्षीण होऊ लागतो. त्यामुळे यंत्रांची गुरगुर कमी पुढे जाते, बॅटरीही वाचते आणि 'साठ'मधला 'स' अधिक स्पष्ट होतो. संगीतासाठी ही पेटी रुक्ष ठरेल. पण ती संगीतासाठी योजलेलीच नाही.

तिसरा निर्णय बॅटरीचा. अर्धा वॅट बाहेर काढताना चिप सुमारे तितकीच शक्ती उष्णतेत घालविते, असे धरले तर 9 व्होल्टवर साधारण 110 मिलिअँपिअर वीज लागते. चौकोनी छोट्या बॅटरीत सुमारे 500 मिलिअँपिअर-तास साठा असतो. ती जेमतेम साडेचार तास पुरते. सहा पेन्सिल सेल ओळीने जोडले तर साठा 2000 च्या घरात जातो आणि पेटी 18 तास चालते. रोज 3 तास वापर धरला, तर सहा दिवस, म्हणजे शाळेचा एक आठवडा. हा हिशेब कागदावर उतरवून मगच डाख देण्याची कांडी तापवावी, अशी शिस्त मुलांना एकदा लागली, तर ती जन्मभर पुरते.

शेवटी परीक्षा. 'आवाज छान येतो का?' हा प्रश्न निरुपयोगी, कारण स्वतः केलेली वस्तू प्रत्येकाला छानच वाटते. त्याऐवजी 'साठ-आठ', 'सात-हात', 'शाळा-काळा', 'सोनं-कोनं' अशा सारख्या वाटणाऱ्या पण भिन्न पन्नास शब्दांची यादी करावी, काही निरर्थक असले तरी चालतील. त्यांतला एकेक शब्द वाचावा आणि मागच्या बाकावरच्याने पाठ फिरवून लिहावा. प्रथम पेटी बंद, नंतर चालू; प्रथम खिडकी उघडी, नंतर मिटलेली. कदाचित असेही आढळेल, की नुसती खिडकी मिटल्याने पेटीपेक्षा अधिक शब्द बरोबर आले. तो निकालही प्रामाणिकपणे वहीत नोंदवावा. गरज नसलेले यंत्र न करणे, हेही योजनेतच मोडते.

पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी या अभ्यासाला आणखी एक बाजू आहे. मागांच्या खोल्यांत आवाजाची पातळी पुष्कळदा 90 डेसिबलच्या वर जाते. आठ तासांच्या कामासाठी आपल्या कारखाना नियमांची मर्यादा 90 ची आहे. अशा आवाजात वर्षानुवर्षे काढलेला कान प्रथम 4000 कंपनांच्या आसपास बधिर होतो, म्हणजे नेमका 'स', 'श' जेथे राहतात तेथे. तो बधिरपणा पुन्हा बरा होत नाही आणि कोणताही ध्वनिवर्धक तो भाग जसाच्या तसा परत देऊ शकत नाही. जो मुलगा शाळेत शब्दांची यादी तपासतो, त्याने तीच यादी एखाद्या संध्याकाळी मागावरून परतलेल्या वडिलांसमोर हलक्या आवाजात वाचावी. कोणते शब्द चुकले ते पाहावे आणि आवश्यक तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जावे. पाळीवर जाताना कानात घालावयाची बोंडे स्वस्त असतात. ती आजपासून वापरली, तर उरलेले ऐकणे तरी शाबूत राहते.